चार्टखालच्या तारखा नीट वाचता आल्या पाहिजेत: पायथनमध्ये पहिल्यांदा तारखांचा अक्ष लावणाऱ्यांसाठी

आमचे अण्णा गावाकडं रोज सकाळी पर्जन्यमापकातलं पाणी मोजून वहीत लिहितात, तारीख आणि मिलिमीटर, बस्स. ती वही मी एक्सेलमध्ये उतरवली, तिथून सीएसव्ही काढली आणि पायथनमध्ये पहिला चार्ट काढला. जून ते सप्टेंबर म्हणजे १२२ दिवस. चार्ट आला, निळे बार छान दिसत होते, आणि खाली तारखांच्या जागी नुसता काळा पट्टा, १२२ तारखा एकमेकींच्या अंगावर. अण्णांना फोटो पाठवला तर त्यांचा फोन आला, "पाऊस दिसतोय रे, पण कधीचा कुठला ते कळंना." त्या एका वाक्यानंतर मी हे सगळं नीट शिकलो आणि तेच इथं पायरीपायरीनं लिहितोय, कारण चार्ट कसा काढायचा ते सगळीकडं शिकवतात पण खालच्या तारखांपाशी नवीन माणूस अडकतो तिथं कुणी थांबत नाही.

एक आधी सांगतो. कोडमधली नावं मी इथं बोलताना म्हणतो तशी देवनागरीत लिहिणार आहे, तुम्ही एडिटरमध्ये ती इंग्रजी अक्षरांतच टाइप करायची. खालची रेघ म्हणजे अंडरस्कोर, टिंब म्हणजे डॉट. एमडेट्स म्हटलं की समजा मॅटप्लॉटलिब ह्या चार्ट काढणाऱ्या लायब्ररीमधलं डेट्स नावाचं मॉड्यूल, त्याला इम्पोर्ट करताना सगळे हेच टोपणनाव देतात. पीडी म्हणजे पँडास, तक्ते हाताळणारी लायब्ररी, डीएफ म्हणजे तिनं सीएसव्ही वाचून बनवलेला तक्ता, म्हणजेच डेटाफ्रेम, फिग म्हणजे पूर्ण चित्र, आणि एएक्स म्हणजे त्यातल्या ज्या चौकटीत चार्ट काढतो ती चौकट. 'तारीख' आणि 'पाऊस' ही कॉलमची नावं मात्र तुमच्या फाइलमध्ये असतील तशीच लिहायची.

पहिली पायरी: तारीख खरंच तारीख आहे का ते बघा

अर्ध्याहून जास्त भानगडी इथंच असतात. आपल्याला स्क्रीनवर ०१/०६/२०२४ दिसतं म्हणून आपण समजतो ही तारीख आहे, पण पँडासनं सीएसव्ही वाचली की त्याच्यासाठी ते नुसतं अक्षरांचं वाक्य असतं. डेटाफ्रेमवर डीटाइप्स बघा. तारखेच्या कॉलमपुढं ऑब्जेक्ट किंवा एसटीआर असं काही आलं तर ती तारीख नाही, डेटटाइम६४ आलं तरच तारीख.

फरक काय पडतो? मॅटप्लॉटलिबला अक्षरं दिली की ते प्रत्येक वाक्याला एक वेगळी वस्तू समजतं, आंबा पेरू चिकू असावं तसं, आणि प्रत्येक वस्तूचं नाव खाली लिहितं. माझ्या १२२ तारखांचा काळा पट्टा झाला तो ह्यामुळं. आणि ह्याहून वाईट म्हणजे मधले चार दिवस नोंदच नसेल तर अक्षरांच्या अक्षावर ती चार दिवसांची जागा दिसतच नाही, ५ तारखेच्या शेजारी लगेच १० तारीख येऊन बसते. पावसाच्या चार्टमध्ये तर खंड किती दिवसांचा होता हेच बघायचं असतं, तेच नाहीसं होतं.

तर बदलून घ्या:

डीएफ['तारीख'] = पीडी.टू_डेटटाइम(डीएफ['तारीख'], फॉरमॅट='%डी/%एम/%वाय')

इथं डी आणि एम लहान, वाय मोठा. फॉरमॅट स्वतः लिहा, आळस करू नका, का ते पुढच्या पायरीत येतंच.

कधी कधी एक्सेलमधून तारखेच्या जागी ४५४४४ असा आकडा येतो आणि माणूस घाबरतो. तो एक्सेलचा दिवसांचा हिशोब आहे, ४५४४४ म्हणजे १ जून २०२४. त्याला टू_डेटटाइममध्ये युनिट='डी' (हा डी मोठा) आणि ओरिजिन='१८९९-१२-३०' द्या, झालं काम. हे आकडे अर्थातच इंग्रजी अंकांत टाइप करायचे.

दुसरी पायरी: दिवस आधी की महिना आधी

आपण ०५/०६ म्हटलं की ५ जून. पँडासला फॉरमॅट सांगितला नाही तर अशी दोन अर्थ निघणारी तारीख ते अमेरिकन पद्धतीनं वाचतं, महिना आधी, म्हणजे ६ मे. आता जरा विचार करा जूनच्या वहीचं काय होतं. ०१/०६ ची होते ६ जानेवारी, ०२/०६ ची ६ फेब्रुवारी, असं करत करत १२/०६ ची ६ डिसेंबर, आणि १३/०६ आली की तेरावा महिना नसतो. पँडासच्या जुन्या आवृत्त्या तिथं गुपचूप पलटी मारून १३ जून बरोबर वाचायच्या, म्हणजे काही तारखा बरोबर काही चूक, आणि रेषेचा चार्ट जानेवारीपासून डिसेंबरपर्यंत सुतळीच्या गुंत्यासारखा मागंपुढं जायचा. २०२३ मध्ये आलेल्या पँडास २.० पासून ते पहिल्या ओळीवरून फॉरमॅट ठरवतं आणि पुढं न जुळणारी ओळ आली की एरर देऊन थांबतं. हा बदल चांगला झाला, एरर आली तर निदान कळतं तरी. पण फाइलमध्ये योगायोगानं सगळ्या तारखा १२ च्या आतल्या असल्या तर अजूनही काही कळणार नाही, म्हणून फॉरमॅट लिहायचाच. निदान डेफर्स्ट=ट्रू तरी.

बदलल्यावर लगेच मिन आणि मॅक्स बघायची सवय लावा. माझ्या फाइलचं उत्तर १ जून आणि ३० सप्टेंबर यायला हवं, ६ जानेवारी आलं तर पुढं जायचंच नाही.

तिसरी पायरी: चार्ट थेट एएक्सवर काढा

डेटाफ्रेमला डॉट प्लॉट लावून चार्ट काढणं सोपं आहे हे मान्य, पण तारखांचं फॉरमॅटिंग करायचं असेल तर नवीन माणसानं तो रस्ता टाळावा असं माझं स्पष्ट मत आहे. कारण पँडास तारखांच्या अक्षाचा स्वतःचा वेगळाच हिशोब लावतं, आणि बार चार्ट असेल तर तारखा बाजूला ठेवून बारना ०, १, २, ३ असे नंबर देतं. मग तुम्ही एमडेट्सचा फॉरमॅटर लावला की तो ते ० आणि १ वाचतो आणि खाली छापतो जानेवारी १९७०. गावचा पाऊस २०२४ चा आणि खाली १९७०! हा प्रश्न विचारणारे लोक मी खूप बघितलेत, सगळ्यांना वाटतं डेटा बिघडला, डेटा ठीक असतो.

१९७० का येतं ते कळलं की पुढची बरीच कोडी आपोआप सुटतात. मॅटप्लॉटलिब तारीख म्हणजे एक साधा आकडा धरतं, १ जानेवारी १९७० पासून किती दिवस झाले तो. १ जून २०२४ म्हणजे १९८७५. दुपारचे बारा म्हणजे १९८७५.५. अक्षावर खरं तर हे आकडेच असतात, आपण बघतो ते त्या आकड्यांचं शेवटच्या क्षणी केलेलं भाषांतर. म्हणून कुठंही १९७० दिसलं की समजायचं, फॉरमॅटरला ० च्या आसपासचे आकडे मिळाले, तारखा त्याच्यापर्यंत पोचल्याच नाहीत.

म्हणून सरळ एएक्स.बार(डीएफ['तारीख'], डीएफ['पाऊस']) किंवा रेषा हवी तर एएक्स.प्लॉट. बारची रुंदीही आता दिवसांत मोजली जाते, मूळची ०.८ दिवस, रोजच्या पावसाला ती बरोबर बसते, पण महिन्याची बेरीज दाखवणार असाल तर बार काडीसारखे बारीक दिसतील, तिथं विड्थ २० वगैरे द्या. डेटाफ्रेम.प्लॉटच वापरायचं असेल तर रेषेच्या चार्टसाठी एक्स_कॉम्पॅट=ट्रू देऊन बघा, त्यानं पँडास स्वतःचा हिशोब सोडतं, बारला मात्र त्याचा उपयोग नाही.

चौथी पायरी: खूण कुठं आणि मजकूर काय, ही दोन वेगळी कामं

हे डोक्यात पक्कं बसलं की अर्धं गाव जिंकलं. अक्षावर दोन गडी काम करतात. लोकेटर ठरवतो खूण कुठं मारायची. फॉरमॅटर ठरवतो त्या खुणेखाली काय लिहायचं. नवीन माणूस फक्त फॉरमॅटर बदलतो आणि मग म्हणतो जून जून जून जुलै जुलै असं का येतंय. अरे कारण खुणा दर दहा दिवसांनी आहेत आणि मजकूर फक्त महिन्याचा आहे, तो तरी काय करणार. मजकुरात महिना असेल तर खूणही महिन्याचीच पाहिजे.

काही सांगितलं नाही तर आपोआप चालणारा लोकेटर लागतो आणि चार महिन्यांच्या डेटाला साधारण २०२४-०६-०१, २०२४-०६-१५ असं काहीतरी लिहून ठेवतो. चूक काहीच नाही, पण दर खुणेला वर्ष कशाला? वर्ष शीर्षकात लिहा. अक्षावर जागा महाग असते.

आपल्याला हवं ते असं:

एएक्स.एक्सअ‍ॅक्सिस.सेट_मेजर_लोकेटर(एमडेट्स.मंथलोकेटर())
एएक्स.एक्सअ‍ॅक्सिस.सेट_मेजर_फॉरमॅटर(एमडेट्स.डेटफॉरमॅटर('%बी'))

मंथलोकेटर आणि डेटफॉरमॅटर ह्यांत दोन्ही शब्दांची पहिली अक्षरं कॅपिटल. कंस विसरू नका, मंथलोकेटरच्या पुढं रिकामा कंस लागतोच.

महिन्याच्या मध्ये बारीक खुणाही हव्या असतील तर सेट_मायनर_लोकेटर, त्याला एमडेट्स.डेलोकेटर(बायमंथडे=[१, ११, २१]) द्या. मी मुद्दाम बायमंथडे लिहितोय, इंटरव्हल=१० नाही. इंटरव्हलनं मोजणी अक्ष जिथून सुरू होतो तिथून धरली जाते, त्यामुळं झूम केलं किंवा सुरुवातीची तारीख बदलली की खुणा सरकतात, कधी ४, १४, २४ येतं कधी ७, १७, २७. १, ११, २१ म्हटलं की कायम तिथंच. आठवड्याचा हिशोब असेल, समजा बाजार बुधवारी भरतो आणि भाव दर बुधवारचे आहेत, तर वीकडेलोकेटर आणि त्यात बायवीकडे=एमडेट्स.डब्ल्यूई. वर्षांचा डेटा असेल तर इयरलोकेटर. आणि आपल्याकडं आर्थिक वर्ष १ एप्रिलला सुरू होतं, तर इयरलोकेटर(१, मंथ=४, डे=१) लिहिलं की प्रत्येक खूण १ एप्रिलवर येते, ताळेबंदाचे चार्ट काढणाऱ्यांनी हे नक्की वापरावं.

एकच लोकेटर एका व्हेरिएबलमध्ये ठेवून दोन चार्टना लावू नका. तो एका अक्षाला बांधला जातो, दुसऱ्याला दिला की पहिला बिघडतो. प्रत्येकाला नवा बनवा.

पाचवी पायरी: टक्क्याची अक्षरं

फॉरमॅटरच्या अवतरणचिन्हात टक्क्याचं चिन्ह आणि एक अक्षर अशी जोडी असते. लहान डी म्हणजे तारीख ०१ पासून ३१. लहान एम म्हणजे महिन्याचा नंबर. लहान बी म्हणजे महिन्याचं छोटं नाव, मोठा बी म्हणजे पूर्ण नाव. मोठा वाय म्हणजे २०२४, लहान वाय म्हणजे नुसते २४. लहान ए म्हणजे वाराचं छोटं नाव. मोठा एच तास आणि मोठा एम मिनिटं.

आता लहान एम आणि मोठा एम, ह्या एका चुकीनं मी एक संध्याकाळ घालवली आहे. दिवस/महिना लिहायच्या जागी मोठा एम गेला आणि सगळ्या तारखा ०१/००, ११/००, २१/०० अशा आल्या, कारण रोजच्या डेटात मिनिटं शून्यच असतात. महिन्याच्या जागी ०० दिसलं की दुसरीकडं शोधू नका.

०१ ऐवजी नुसतं १ हवं असेल तर लिनक्स आणि मॅकवर टक्का आणि डीच्या मध्ये वजाबाकीचं चिन्ह टाकतात, विंडोजवर त्याच जागी हॅश. म्हणजे तुमचा कोड मित्राच्या मशीनवर चालेलच असं नाही. ह्यावर बरा उपाय मराठी नावांच्या पायरीत आहे.

अजून एक, सेट_मेजर_फॉरमॅटरला थेट '%डी %बी' असं वाक्य देऊ नका, ते डेटफॉरमॅटरच्या कंसात गुंडाळूनच द्यायचं. थेट दिलं तर एरर येत नाही, प्रत्येक खुणेखाली ते टक्के आणि अक्षरं जशीच्या तशी छापून येतात.

सहावी पायरी: गर्दी कमी करा

तारखा एकमेकींवर चढल्या की पहिला सल्ला मिळतो तो म्हणजे तिरक्या करा. फिग.ऑटोएफएमटी_एक्सडेट() लिहिलं की तारखा ३० अंशात तिरक्या होतात, काम भागतं. पण माझं म्हणणं आहे की हा शेवटचा उपाय असावा. वाचणाऱ्यानं मान वाकडी करून वाचायचं आणि आपण म्हणायचं चार्ट तयार आहे, हे बरं नाही. आधी स्वतःला विचारा, इतक्या खुणा कशाला हव्यात? चार महिन्यांच्या पावसाला चार नावं आणि मध्ये बारीक मुक्या खुणा पुरतात. आडवी सरळ चार नावं कुणीही वाचतं, अगदी चष्मा न लावता सुद्धा.

कधी दोन दिवसांचा डेटा कधी दोन वर्षांचा असं बदलत असेल तर हातानं लोकेटर बसवण्यात अर्थ नाही. तिथं ऑटोडेटलोकेटर ठेवा आणि त्याच्यासोबत कन्साइजडेटफॉरमॅटर लावा, मॅटप्लॉटलिब ३.१ पासून तो आहे, त्याच्या कंसात तोच लोकेटर द्यावा लागतो. तो एकदा सांगितलेली गोष्ट परत सांगत नाही. महिने लिहीत जातो आणि जानेवारी आला की तिथं वर्ष लिहितो, उरलेलं उजव्या कोपऱ्यात एकदाच. मला तो फार आवडतो.

अक्षाच्या दोन्ही टोकांना मॅटप्लॉटलिब थोडी मोकळी जागा सोडतं, त्यामुळं १ जूनच्या आधी मे महिन्याचा तुकडा दिसतो. एएक्स.मार्जिन्स(एक्स=०) किंवा सेट_एक्सलिम देऊन तो काढा. बारचा चार्ट असेल तर अर्धा दिवस इकडं तिकडं ठेवा नाहीतर पहिला बार अर्धा कापला जातो.

महिन्याचं नाव महिन्याच्या मधोमध

ही बारीक गोष्ट आहे पण अण्णांनीच ती पकडली. जुलै हे नाव १ जुलैच्या खुणेखाली येतं, म्हणजे खरं तर ते जून आणि जुलैच्या सीमेवर लिहिलेलं असतं, आणि चार्ट सहज बघणारा माणूस त्या नावाच्या दोन्ही बाजूंचे बार जुलैचे धरतो. अण्णांना जूनचा शेवटचा पाऊस जुलैचा वाटला होता, आणि चूक त्यांची नव्हती.

मग असं करायचं. मोठ्या खुणा महिन्याच्या १ तारखेला, पण त्यांना मजकूर द्यायचा नाही, म्हणजे मेजर फॉरमॅटरला टिकर मॉड्यूलमधला नलफॉरमॅटर. आणि छोट्या खुणा १६ तारखेला, मायनर लोकेटर एमडेट्स.मंथलोकेटर(बायमंथडे=१६), आणि महिन्याचं नाव ह्या मायनरच्या फॉरमॅटरला द्यायचं. मग टिक_पॅराम्समध्ये विच='मायनर' म्हणून लेंथ शून्य करायची, म्हणजे १६ तारखेची खूण दिसत नाही, फक्त नाव दिसतं. आता रेघा महिन्याच्या सीमेवर आणि नाव मधोमध, भिंतीवरच्या कॅलेंडरसारखं. हे केलं तर आधीच्या १, ११, २१ च्या बारीक खुणा ठेवता येत नाहीत, दोन्हीतलं एक निवडा. मी नाव मधोमध निवडतो.

मराठी महिने, आणि तिथला खरा त्रास

अण्णांसाठी चार्ट म्हणजे महिने मराठीतच हवेत. लोकेल, म्हणजे मशीनची भाषेची सेटिंग, बदलून होतं म्हणतात पण ते मशीनवर मराठी लोकेल बसवलेलं असेल तर, आणि विंडोजवर वेगळं लिनक्सवर वेगळं. मला सगळ्यात भरवशाचं वाटतं ते स्वतःचं छोटं फंक्शन. वर बारा नावांची यादी करा, जाने, फेब्रु, मार्च अशी. मग फंक्शन दोन गोष्टी घेतं, एक्स आणि पॉझ. आत एमडेट्स.नम२डेट(एक्स) केलं की त्या १९८७५ सारख्या आकड्याची परत तारीख होते, तिचा मंथ घ्या, त्यातून १ वजा करा आणि यादीतून नाव काढून परत द्या. वजा १ विसरलात तर जूनला जुलै लिहून येईल आणि डिसेंबरला एरर. हे फंक्शन तसंच सेट_मेजर_फॉरमॅटरला देता येतं, मॅटप्लॉटलिब ३.३ पासून वेगळं गुंडाळावं लागत नाही, नाव मधोमध ठेवलं असेल तर अर्थातच सेट_मायनर_फॉरमॅटरला द्या. तारीखही हवी असेल तर डे घ्या, तो मुळातच १ असा सुटा येतो, वजाबाकी आणि हॅशची कटकट इथं संपली. आकडे मराठी हवेत तर एसटीआर.मेकट्रान्समध्ये इंग्रजी दहा अंक आणि मराठी दहा अंक देऊन ट्रान्सलेट करा.

चालवलं की खाली चौकोनी डबे येतील. घाबरू नका, मॅटप्लॉटलिबचा मूळ फॉन्ट डेजाव्हू सान्स आहे आणि त्यात देवनागरी नाही. नोटो सान्स देवनागरी किंवा मुक्ता बसवा, विंडोजवर निर्मला यूआय असतोच, आणि आरसीपॅराम्समध्ये, म्हणजे मॅटप्लॉटलिबच्या सेटिंग्जच्या यादीत, फॉन्ट.फॅमिलीला ते नाव द्या.

आता डबे गेले, पण नीट बघा. मी वापरलेल्या सगळ्या आवृत्त्यांत पीएनजी काढताना मॅटप्लॉटलिब जोडाक्षरं जोडत नाही. एप्रिलमधला प्र फुटतो आणि वेलांटी चुकीच्या जागी बसते, मार्चचा रफार वर जायच्या ऐवजी र आणि च वेगळे पडतात, ऑगस्ट सप्टेंबर दोन्ही मोडतात. फॉन्ट कितीही बदला, कारण अडचण फॉन्टची नाही, अक्षरं एकमेकांत मिसळवण्याचं काम करणारा भागच तिथं चालत नाही. जून आणि जुलै नीट येतात म्हणून सुरुवातीला लक्षात येत नाही, माझं तसंच झालं, ऑगस्टपर्यंत गेल्यावर कळलं. आपली लिपी मोडून छापलेली मला बघवत नाही, म्हणून दोन रस्ते सांगतो. एक, पीएनजीऐवजी एसव्हीजी काढा आणि आधी आरसीपॅराम्समध्ये एसव्हीजी.फॉन्टटाइप ला 'नन' द्या, हे अवतरणचिन्हात, लहान अक्षरांत. मग मजकूर चित्र न होता मजकूरच राहतो आणि ब्राउझर तो उघडताना जोडाक्षरं बरोबर जोडतो. ब्राउझरमधून स्क्रीनशॉट घ्या, झाली पीएनजी. दोन, प्लॉटली वापरा, त्याचा चार्ट ब्राउझरमध्येच बनतो त्यामुळं हा प्रश्नच येत नाही.

प्लॉटली आणि बाकीचे, थोडक्यात

प्लॉटलीत अपडेट_एक्सअ‍ॅक्सेस मध्ये डीटिक='एम१' म्हटलं की दर महिन्याला खूण, आणि टिकफॉरमॅटमध्ये तीच टक्क्याची अक्षरं. मराठी नावांसाठी टिकव्हॅल्समध्ये तारखांची यादी आणि टिकटेक्स्टमध्ये नावांची यादी. आरमध्ये जीजीप्लॉट२ वापरत असाल तर स्केल_एक्स_डेट, त्यात डेट_ब्रेक्स आणि डेट_लेबल्स, म्हणजे परत तेच, कुठं आणि काय. जावास्क्रिप्टमध्ये चार्ट.जेएस असेल तर तारखांसाठी वेगळा अडॅप्टर जोडावा लागतो आणि तिथं टक्का नसतो, आणि उलटं म्हणजे मोठे दोन एम महिना आणि लहान दोन एम मिनिटं. पायथनची सवय घेऊन तिकडं गेलात तर इथंच पाय घसरतो.

साडेपाच तासांचा घोटाळा

स्वयंचलित हवामान केंद्राचा किंवा सर्व्हरचा डेटा बऱ्याचदा यूटीसीमध्ये, म्हणजे जागतिक प्रमाणवेळेत, असतो, आपण साडेपाच तास पुढं. तुम्ही पँडासमध्ये टीझेड_कन्व्हर्ट करून एशिया/कोलकाता केलंत, छान. पण मग स्वतःचा डेटफॉरमॅटर लावला आणि त्याला टाइमझोन सांगितला नाही तर तो परत यूटीसीच धरतो. रोजच्या डेटात हे जास्त घातक, कारण आपली १ जूनची मध्यरात्र म्हणजे यूटीसीत ३१ मेची संध्याकाळ साडेसहा, आणि लेबल एक दिवस मागं जातं, सगळीच्या सगळी एकेक दिवस मागं, दिसायला अगदी व्यवस्थित. म्हणून डेटफॉरमॅटर, लोकेटर आणि आपल्या फंक्शनमधलं नम२डेट, तिन्हींना टीझेड द्या, किंवा आरसीपॅराम्समध्ये टाइमझोन एकदाच बदलून टाका. नुसत्या तारखा असतील, वहीसारख्या, तर टाइमझोन लावूच नका.

पावसाच्या बाबतीत अजून एक. हवामान खात्याच्या पद्धतीत पाऊस सकाळी साडेआठला मोजतात आणि आधीच्या चोवीस तासांचा पाऊस त्या दिवशीच्या तारखेला लिहितात. म्हणजे १० तारखेचा बार हा बराचसा ९ तारखेच्या दुपारचा रात्रीचा पाऊस असतो. हे फॉरमॅटिंगनं सुटत नाही, अक्षाखाली एक ओळ लिहा, "सकाळी ८:३० पर्यंतच्या २४ तासांचा पाऊस". ती ओळ नसेल तर तारीख बरोबर असूनही वाचणारा चुकतो.

अण्णांचं कॅलेंडर

हे सगळं झाल्यावर चार्ट पाठवला, महिने मराठी, मधोमध, जोडाक्षरं नीट. अण्णांनी विचारलं, "मिरगात किती झाला?" आणि माझ्या लक्षात आलं की त्यांचा अक्ष महिन्यांचा नाहीच. शेतकरी पाऊस नक्षत्रानं मोजतो. मृग ७-८ जूनला लागतो, आर्द्रा २१-२२ जूनला, पुनर्वसू ५-६ जुलैला, तो तरणा पाऊस, पुष्य १९-२० जुलैला, तो म्हातारा, आणि असं करत सप्टेंबरअखेर हस्त, हत्तीचा पाऊस. साधारण तेरा-चौदा दिवसांचं एकेक. दरवर्षी एखादा दिवस मागंपुढं होतो म्हणून तारखा त्या वर्षीच्या कॅलेंडरमधून घ्या.

ह्याला कुठलाच तयार लोकेटर नाही आणि लागतही नाही. तारखांची एक यादी, नावांची एक यादी, आणि दोन्हींवर एकत्र लूप. प्रत्येक तारखेला एएक्स.एएक्सव्हीलाइन नं फिकट उभी रेघ, आणि एएक्स.टेक्स्ट नं चार्टच्या वरच्या कडेला नाव. टेक्स्टला ट्रान्सफॉर्म=एएक्स.गेट_एक्सअ‍ॅक्सिस_ट्रान्सफॉर्म() द्या, मग एक्स तारखेत मोजला जातो आणि वाय चौकटीच्या उंचीत, म्हणजे १.०१ लिहिलं की पाऊस कितीही असो नाव चौकटीच्या जरा वरच येतं. खाली महिने राहू द्या, वर नक्षत्रं. खालच्या महिन्यांऐवजीच नक्षत्रं हवी असतील तर एएक्स.सेट_एक्सटिक्स मध्ये तारखा आणि लेबल्स मध्ये नावं, ही सोय ३.५ पासून आहे.

पाठवण्याआधी

सेव्हफिगमध्ये बीबॉक्स_इंचेस='टाइट' द्या नाहीतर खालची नावं अर्धी कापली जातात, एसव्हीजीलाही हे लागू. मग फाइलमधला सगळ्यात जास्त पावसाचा दिवस शोधा आणि चार्टवर तो बार त्याच तारखेवर उभा आहे का ते डोळ्यांनी बघा, ह्या एका तपासणीत उलटा दिवस-महिना, १९७० आणि साडेपाच तास तिन्ही पकडले जातात. आणि चार्ट स्वतःच्या फोनवर उघडून हात लांब करून वाचा, कारण लॅपटॉपवर मोठी दिसणारी अक्षरं व्हॉट्सअ‍ॅपवर मुंगीएवढी होतात. मी फॉन्ट साइज आता १४ ठेवतो.